वाचकांचे प्रश्न : इमारतीचा कार्बन मोजताना

प्रश्न : आमच्या नियोजित इमारतीचे जीवनचक्र मूल्यांकन (बांधण्यापासून पाडेपर्यंतच्या कार्बनचा हिशेब) दोघा सल्लागारांनी केले. एकाचे उत्तर दर चौरस मीटरला ३८० किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य (सर्व हरितगृह वायू त्याच्या मापात मोजून), दुसऱ्याचे ६२०. खरे कोणाचे मानायचे?

उत्तर : दोघांचीही बेरीज बरोबर असू शकते. आधी हद्द पाहा. ईएन १५९७८ या युरोपीय मानकात इमारतीचे आयुष्य टप्प्यांत मांडले आहे. कच्च्या मालापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत ए१ ते ए३, साइटवर माल आणणे ए४, बांधकाम ए५, वापर-दुरुस्ती-बदल हे सारे बी, आणि पाडकाम ते विल्हेवाट सी. पुनर्वापराचा पुढे मिळणारा फायदा डी मध्ये येतो. तो वेगळा दाखवायचा, बेरजेतून वजा करायचा नाही. एकाने ए५ लाच थांबून दुसऱ्याने ६० वर्षे धरली असतील, तर एवढी तफावत सहज पडते. १५ वर्षे टिकणारे फ्लोअरिंग त्या काळात एकदा बसते आणि तीनदा बदलले जाते.

मग भाजक तपासा. तळघरातील पार्किंगचे काँक्रीट बेरजेत आणि त्याचे क्षेत्रफळ मात्र भागाकारातून गायब, असे झाले की आकडा फुगतो. तिसरी जागा वातानुकूलनाची. आर-४१०ए हा थंडावा देणारा वायू १० किलो भरलेल्या यंत्रणेतून वर्षाला ५ टक्के गळती धरली तर अर्धा किलो वायू जातो. त्याची तापमानवाढ क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट धरतात, म्हणजे वर्षाला जवळपास एक टन! ही ओळ बऱ्याच अहवालांत नसतेच. दोघांकडून टप्पे, अभ्यासकाळ, क्षेत्रफळाची व्याख्या आणि वगळलेल्या बाबी लेखी मागा. तोवर त्या दोन आकड्यांची तुलना करू नका.

प्रश्न : मूल्यांकन नेमके कधी करावे? आमच्या आर्किटेक्टच्या मते वर्किंग ड्रॉइंग झाल्यावर, कारण तेव्हाच परिमाणे पक्की होतात.

उत्तर : परिमाणे पक्की होतात, पण बदलण्यासारखे काही उरत नाही. खांबांमधले अंतर ठरण्याआधी पहिला हिशेब करा, कच्चा असला तरी चालेल. १,००० चौरस मीटरचा १५० मिलिमीटर जाड स्लॅब घ्या. काँक्रीट १५० घनमीटर. घनमीटरला साधारण ३०० किलो कार्बन डायऑक्साइड धरल्यास ४५ टन. घनमीटरला ९० किलो सळई म्हणजे १३.५ टन पोलाद. लोहखनिजापासून ब्लास्ट फर्नेसमध्ये केलेल्या पोलादाला किलोमागे सुमारे २ किलो कार्बन डायऑक्साइड धरले, तर आणखी २७ टन. तीच सळई भंगारापासून विजेच्या भट्टीत झालेली असेल आणि किलोमागे ०.६ धरले, तर ८ टनांच्या आसपास.

म्हणून लगेच भंगाराच्या सळईमागे धावू नका. जगात भंगार मर्यादित आहे. तुम्ही घेतले की दुसऱ्याला खनिजाचे घ्यावे लागते. आधी सळईचे वजन कमी करा. गाळा, म्हणजे खांबांमधले अंतर, आखूड केला तर स्लॅब १२५ मिलिमीटरवर येऊ शकतो आणि नुसत्या काँक्रीटचे साडेसात टन वाचतात. गाळा तोच ठेवून जाडी उतरवली, तर मात्र स्लॅब जास्त झुकतो, सळई वाढते आणि वाचलेले तिकडेच खर्ची पडते. काँक्रीट आणि पोलाद नेहमी एकत्र मोजा. आखूड गाळ्याला लागणारे जादा खांब आणि पायेही त्यातच धरा.

प्रश्न : दोन उष्णतारोधकांच्या ईपीडी (उत्पादनाच्या पर्यावरणीय परिणामांची जाहीर पत्रके) समोर आहेत. किलोमागे रॉकवूलचा (दगडापासून केलेल्या लोकरीचा) कार्बनचा आकडा थर्माकोलच्या निम्म्याहून कमी दिसतो. मग रॉकवूलच घ्यावे ना?

उत्तर : भिंत किलोवर बांधत नाहीत. एकक असे घ्या : एक चौरस मीटर भिंत, उष्णतारोध (आर-मूल्य) ३, म्हणजे जाडी मीटरमध्ये भागिले उष्णतावाहकता. दोन्हींची उष्णतावाहकता ०.०३६ असेल तर जाडी दोन्हीकडे १०८ मिलिमीटर. घनमीटरला १८ किलोचा थर्माकोल लागेल १.९ किलो, १०० किलोचे रॉकवूल १०.८ किलो. वजन साडेपाच पट, त्यामुळे निकाल उलटू शकतो. पण थर्माकोल जळतो, रॉकवूल जळत नाही. अग्निसुरक्षेसाठी थर्माकोलवर जो जादा थर द्यावा लागेल, तोही त्याच चौरस मीटरच्या खात्यात लिहा.

प्रश्न : लाकडाचा पुरवठादार उणे कार्बन दाखवतो. हे खरे?

उत्तर : अर्धे. कोरड्या लाकडाचे निम्मे वजन कार्बनचे असते. ४५० किलोच्या घनमीटरमध्ये २२५ किलो कार्बन, म्हणजे ८२५ किलो कार्बन डायऑक्साइड. झाडाने तो हवेतून घेतलेला, म्हणून ए१ मध्ये तो उणे येतो आणि लाकूड जाळले किंवा दुसऱ्याला दिले की सी मध्ये तेवढाच अधिक. पुरवठादाराने ए३ पुढचे पान दिले नसेल तर ते मागून घ्या.

प्रश्न : स्लॅग (ब्लास्ट फर्नेसमधली मळी) मिसळलेल्या सिमेंटने कार्बन घटतो म्हणतात. कंत्राटदार तयार नाही.

उत्तर : घटतो. सिमेंटचा मूळ घटक असलेले क्लिंकर एक टन करताना चुनखडीतूनच अर्ध्या टनाहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, इंधनाचा वेगळा. स्लॅगमुळे तेवढे क्लिंकर कमी लागते. कंत्राटदाराचीही अडचण खरी आहे. ताकद सावकाश येते, थंडीत आणखीच, आणि शटरिंग अडकून पडते. त्यामुळे सगळीकडे एकच मिश्रण लादू नका. पाया आणि राफ्टवर (इमारतीखालच्या सलग पायाच्या स्लॅबवर) लगेच पूर्ण भार येत नाही. तिथे स्लॅगचे प्रमाण वाढवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या संमतीने २८ ऐवजी ५६ दिवसांची ताकद मागा. स्लॅबला कमी ठेवा. पाणी मारण्यात हयगय झाली तर हे काँक्रीट साध्यापेक्षा जास्त बिघडते. आणि प्लांटकडून प्रत्यक्ष मिक्स डिझाइन मागवा : लवकर ताकद यावी म्हणून तिथे एकूण सिमेंट वाढवले असेल, तर तुमची बचत कागदावरच राहते.