सीनियर डेव्हऑप्स इंजिनिअरकडून नेमकी काय अपेक्षा असते?

तुम्ही विचारलंय की चार वर्षं झाली, जेंकिन्स, डॉकर, कुबरनेटिस, टेराफॉर्म ही कोड सर्व्हरवर चढवण्याची आणि चालवण्याची सगळी टूल्स हाताखालून गेलीत, तरी सीनियरच्या मुलाखतीत 'अजून थोडा अनुभव हवा' असंच ऐकायला मिळतं. मग सीनियरला वेगळं काय यावं लागतं आणि त्याच्यावर जबाबदारी कसली असते? मी बारा वर्षं हेच काम, म्हणजे कोड सर्व्हरवर पोहोचवणं आणि तिथे तो नीट चालू ठेवणं, करतोय आणि गेली काही वर्षं मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टूल्सची यादी तुमच्याकडे पुरेशी आहे. त्यात आणखी दोन नावं घातल्याने काही फरक पडणार नाही. २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलला आणि त्यातून ओपनटोफू हा त्याचा मुक्त पर्याय निघाला, अनेकांनी जेंकिन्स सोडून दुसरं काही धरलं. हे असं चालूच राहणार. त्याखालचं लिनक्स, नेटवर्क आणि डेटाबेस मात्र तेच राहतं, आणि मुलाखतीत खरी परीक्षा तिथे होते. मी एक साधा प्रश्न हमखास विचारतो: डीएफ कमांड (डिस्क एकूण किती भरली ते सांगणारी) म्हणते डिस्क १०० टक्के भरली, डीयू (फाइलींच्या आकाराची बेरीज करणारी) मात्र निम्मीच भरलेली दाखवते, मग उरलेली जागा कुठे गेली? कोणीतरी लॉग फाइल डिलीट केलेली असते, पण प्रोसेसने ती अजून उघडी धरून ठेवलेली असते, म्हणून जागा सुटत नाही. हे ज्याने प्रत्यक्ष भोगलंय तो दोन वाक्यांत सांगतो. इतर जण 'सर्व्हर रीस्टार्ट करून बघेन' म्हणतात. रीस्टार्टने जागा सुटतेही, पण कारण हाती लागत नाही आणि पुढच्या आठवड्यात डिस्क पुन्हा भरते.

माझ्या मते सीनियरची खरी ओळख अशी: एखाद्या गोष्टीला हात लावण्याआधी त्याला ठाऊक असतं की याचा धक्का कुठवर पोहोचेल आणि परत यायची वाट कोणती. हे मी एका रात्री शिकलो.

तेव्हा मला पाच वर्षं झाली होती आणि ऑन-कॉल, म्हणजे अवेळी काही बिघडलं तर धावून जायची पाळी, माझ्याकडे होती. रात्री दीडला फोन वाजला. साइटवर ५०३, म्हणजे 'सेवा उपलब्ध नाही' ही त्रुटी, येत होती, पॉड (कुबरनेटिस चालवतं त्या ॲपच्या प्रती) एकामागून एक रीस्टार्ट होत होते. आमच्या ॲपचा लाइव्हनेस प्रोब, म्हणजे ॲप जिवंत आहे का ते बघणारी तपासणी, डेटाबेसला एक क्वेरी (प्रश्न) विचारून यायचा. हेतू चांगला होता, डेटाबेसशी बोलता येत नसेल तर ॲप ठीक आहे असं कसं म्हणायचं? प्रोबचे आकडे कुबरनेटिसचे डिफॉल्टच होते: दर १० सेकंदांनी तपासणी, १ सेकंदात उत्तर आलं नाही की नापास, सलग ३ वेळा नापास की कंटेनर (पॉडमधलं चालतं ॲप) रीस्टार्ट. त्या रात्री कुणाच्या तरी रिपोर्टच्या क्वेरीने डेटाबेस मंदावला होता आणि उत्तर यायला सव्वा-दीड सेकंद लागत होता. एरवी साइट थोडी हळू चालली असती, एवढंच. पण प्रोबने सगळेच पॉड मेल्यात जमा केले. प्रत्येक पॉड सुरू होताना सीपीयू खायचा, ते पाहून ऑटोस्केलर आणखी पॉड वाढवायचा, आणि प्रत्येक नवा पॉड डेटाबेसची २० कनेक्शन्स उघडायचा. ४० पॉड म्हणजे ८०० कनेक्शन्स. डेटाबेसची मर्यादा होती ५००.

मला वाटलं लोड आलाय. मी पॉडची कमाल मर्यादा वाढवून ६० केली.

दहा मिनिटांनी टीममधल्या सीनियर सहकारी कॉलवर आल्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "यातलं नेमकं काय बदललंय? आणि डेटाबेसकडे कुणी बघितलं का?" मग म्हणाल्या, "तू आता काहीच वाढवू नकोस." त्यांनी ऑटोस्केलर थांबवला, पॉड दहावर आणले, ती रिपोर्टची क्वेरी बंद पाडली. थोड्याच वेळात साइट उभी राहिली. दुखतंय तिथे जोर लावायचा नाही, आधी भार काढायचा, हे त्यांना कमांड टाइप करण्याआधीच कळलेलं होतं.

पण मला सीनियरपण दिसलं ते दुसऱ्या दिवशी. त्यांनी लिहिलेल्या पोस्टमॉर्टममध्ये (घटनेनंतरच्या अहवालात) माझं नाव कुठेही नव्हतं. वाक्य असं होतं: 'ऑन-कॉल इंजिनिअरसमोर डेटाबेसची कनेक्शन्स दाखवणारा डॅशबोर्ड नव्हता.' मग त्यांनी तो डॅशबोर्ड बनवला, लाइव्हनेसमधून डेटाबेसची तपासणी काढली, तसाच प्रोब बाकीच्या सर्व्हिसेसमध्ये कुठे कुठे आहे ते शोधलं आणि कोड सर्व्हरवर नेणाऱ्या पाइपलाइनमध्ये नियम घातला की असा प्रोब असेल तर डिप्लॉयमेंट पुढे जाणारच नाही. मी ती चूक पुन्हा केली नसतीच, पण त्यांनी अशी सोय केली की नवीन आलेल्या मुलालाही ती करता येणार नाही.

परतीच्या वाटेबद्दल आणखी थोडं लिहितो, कारण 'रोलबॅक करू की' (जुन्या आवृत्तीवर परत जाऊ) इतक्यावर बरेच जण थांबतात. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीत ८ सर्व्हरवर नवा कोड जायचा होता, तो ७ वरच गेला. नव्या कोडने एक जुना फ्लॅग (एखादं काम चालू-बंद करणारी खूण) नव्या कामासाठी वापरला होता आणि आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने वर्षानुवर्षं पडून असलेला जुना कोड जागा केला. गडबड कळल्यावर त्यांनी सातही सर्व्हरवरून नवा कोड काढला. म्हणजे रोलबॅकच केला. पण फ्लॅग चालूच होता, त्यामुळे आता आठही सर्व्हर तो जुना कोड चालवू लागले. साधारण ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. बाजार उघडण्याआधी त्यांच्या सिस्टिमने एका त्रुटीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल पाठवले होते, पण ते अलर्ट म्हणून बनवलेले नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर कुणी हालचाल केली नाही. सर्व्हर सुटणं, फ्लॅगचा पुनर्वापर, न तपासलेला रोलबॅक, कुणी न वाचलेला इशारा, हे सगळं सीनियरच्या कामाच्या यादीत येतं.

बॅकअपचंही तसंच. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत चुकून प्रॉडक्शन डेटाबेसची डिरेक्टरी डिलीट झाली. मग लक्षात आलं की रोजचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) अपयशी होत होता, कारण टूलची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती, आणि अपयशाचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) होता म्हणून निभावलं. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहून ठेवलं, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

बाकी जबाबदाऱ्या थोडक्यात: पासवर्ड आणि टोकन कोडमध्ये राहू न देणं, क्लाउडचं बिल समजून घेणं, ज्युनियरच्या पुल रिक्वेस्ट (कोडमधले बदल स्वीकारा अशा विनंत्या) नीट वाचणं, रात्री उठवूनही काही करायला न लावणारे अलर्ट बंद करणं. आणि नाही म्हणणं. 'आम्हाला ९९.९९ टक्के अपटाइम हवा' असं कुणी सहज म्हणतं, तेव्हा तुम्ही सांगायचं की ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा, आणि ९९.९९ म्हणजे चार मिनिटांच्या थोडं वर. चार मिनिटांत माणूस झोपेतून उठून लॅपटॉपसुद्धा उघडत नाही, म्हणजे दुरुस्ती आपोआप व्हायला हवी आणि त्याचा खर्च कुणी करायचा ते आधी ठरायला हवं. हे बोलणं शांतपणे, आकडे समोर ठेवून करता येणं हे कुबरनेटिसइतकंच मोठं कौशल्य आहे.

आता तुमच्यासाठी. सध्याच्या कामावर येत्या महिन्यात एक करा: वरिष्ठांची परवानगी घेऊन प्रॉडक्शनचा शेवटचा बॅकअप तितक्याच सुरक्षित असलेल्या, पण वेगळ्या सर्व्हरवर रिस्टोअर करा. कुठे अडलं, कोणती परवानगी नव्हती, कोणती पायरी कुठेच लिहिलेली नव्हती ते टिपून ठेवा, आणि सुरुवातीपासून ॲप जोडून चालेपर्यंत किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजा. मग ती टिपणं टीमसाठी नीट लिहा आणि ज्याने हे काम कधी केलं नाही अशा एखाद्याला फक्त ती वाचून रिस्टोअर करायला सांगा. तो जिथे अडेल तिथे लिखाण सुधारा. पुढच्या मुलाखतीत 'तुमच्या अनुभवाबद्दल सांगा' म्हटलं की टूल्सच्या यादीऐवजी इथून सुरुवात करा.