५ वॉटच्या हँडीवर (हातात धरायच्या हॅम रेडिओ सेटवर) रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं स्टेशन) नीट लागत नाही. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते सांगणारा आकडा) तर चांगला दिसतोय. जास्त वॉटचा सेट घेऊ का?

नका घेऊ, आधी केबल बदला. गच्चीवरच्या अँटेनापासून तुम्ही ३० मीटर आरजी-५८ (बारीक कोएक्सियल केबल) खाली आणली आहे. १४५ मेगाहर्ट्‌झला एवढ्या लांबीत साधारण ६ डेसिबल जातात, म्हणजे ५ वॉटमधले जेमतेम सव्वा वॉट वर पोचतात. येणारा सिग्नलही तेवढाच मार खातो, आणि तिथे जास्त वॉटचा काहीच उपयोग नाही.

एसडब्ल्यूआर चांगला दिसतोय म्हणता, पण तो सेटपाशी मोजलाय. परत येणारी पॉवरही केबलमध्येच जिरते, म्हणून तो आकडा चांगला दिसतो. मीटर अँटेनापाशी नेऊन मोजा.

आरजी-२१३ टाकलीत तर निम्म्याहून जास्त पॉवर वर जाईल. जाड असते, वळवताना त्रास होतो, तरी तीच घ्या. वरचा कनेक्टर पावसाळ्याआधी नीट सील करा. केबलच्या आतल्या तारांच्या जाळीत पाणी शिरलं की केबल गेलीच.