पहिल्यांदाच टर्की ब्रेस्ट करतेयस?

अगं, पहिल्याच थँक्सगिव्हिंगला (अमेरिकेतला नोव्हेंबरमधला गुरुवारचा सण) अख्ख्या टर्कीच्या, म्हणजे त्या भल्या मोठ्या पक्ष्याच्या, नादी लागू नकोस. पाच-सहा माणसांना ६ पौंडांचं हाडासकट ब्रेस्ट (छातीचा भाग) पुरून उरतं. गुरुवारी भाजायचं तर सोमवारी रात्रीच फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये काढ. ओट्यावर नाही!

बुधवारी रात्री कातडीखाली बोटं घालून मीठ चोळ आणि न झाकता फ्रिजमध्ये ठेव. कातडी कागदासारखी कोरडी झाली की छान कुरकुरीत होते. पाकिटावर मीठपाणी घातल्याचं लिहिलं असेल तर मात्र मीठ चोळताना हात आखडता घे. ओव्हन ३५० फॅरनहाइट. थर्मामीटर घेच. जाड भागात, हाडाला न टेकवता १६५ दिसलं की बाहेर. माझं पहिलं ब्रेस्ट मी ‘अजून दहा मिनिटं’ करत असं वाळवलं, की ग्रेव्हीत बुडवूनही घशाखाली उतरेना. कापण्याआधी वीस मिनिटं तसंच राहू दे.

स्टफिंग, म्हणजे टर्कीसोबतचं पावाचं सारण, वेगळ्या ट्रेमध्ये भाज. शिळा पाव, लोण्यात परतलेला कांदा-सेलरी, सेज (एक सुगंधी पाला), एक अंडं. स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) थोडा थोडा घाल: मुठीत दाबल्यावर पाव ओला लागावा, पण पाणी गळू नये. मी त्यात दोन हिरव्या मिरच्याही घालते. पाहुणे काहीही म्हणोत.