विवर्तन की विवर्धन?

प्रश्न असा आला आहे: नॅनोप्रकाशिकीवरच्या (नॅनोमीटरच्या पातळीवर प्रकाश कसा वागतो, याच्या अभ्यासावरच्या) एकाच लेखात एकदा ‘विवर्तन मर्यादा’ आणि पुढच्याच परिच्छेदात ‘विवर्धन मर्यादा’ छापलंय. यातलं बरोबर कोणतं? आणि रिझोल्यूशनला मराठीत काय म्हणायचं?

बरोबर ‘विवर्तन मर्यादा’च. एका अक्षराचा फरक, पण धातूच वेगळे. ‘विवर्तन’ वृत् धातूचं, परावर्तन आणि अपवर्तन यांचं भावंड. कडेला घासून किंवा बारीक छिद्रातून जाताना प्रकाश वळतो, पसरतो, ते विवर्तन. ‘विवर्धन’ वृध् धातूचं. वृद्धी, वर्धन यांच्या घरातलं. प्रकाशिकीत त्याचा अर्थ प्रतिमा मोठी करणं.

दोन चमकणारे रेणू एकमेकांपासून १०० नॅनोमीटरवर आहेत असं धरा. विवर्तनामुळे भिंगापलीकडे प्रत्येकाचा बिंदू न उमटता पसरट ठिपका उमटतो आणि दोन्ही ठिपके एकमेकांत मिसळतात. आता विवर्धन दुप्पट करा. तोच धूसर डाग दुप्पट मोठा दिसेल, एकाचे दोन होणार नाहीत. दोन बिंदू किती जवळ असले तरी वेगळे दिसतील, याची जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडलेली मर्यादा ही: ढोबळमानाने तरंगलांबीच्या निम्मी, दृश्य प्रकाशासाठी २०० नॅनोमीटरच्या आसपास. घोटाळा टाळायचा तर मॅग्निफिकेशनला शालेय पुस्तकांतला ‘विशालन’ वापरावा. मला तो अर्थानेही जास्त उघड वाटतो.

रिझोल्यूशनसाठी ‘विभेदन’ घ्या. दोन बिंदू दोन म्हणून वेगळे दिसणं हा नेमका अर्थ त्यात आहे. ‘पृथक्करण’ रसायनशास्त्रात आधीच गुंतलंय, आणि ‘सुस्पष्टता’ म्हटलं की दोन बिंदूंची गोष्टच निसटते.

त्याच लेखात ‘शास्त्रज्ञांनी मर्यादा मोडली’ असंही आहे, ते मला खटकलं. आबेंचा नियम दूरवर पोचलेल्या प्रकाशाचा. पृष्ठभागालगत मात्र प्रकाशाचं असं क्षेत्र (फील्ड) असतं की जे तरंगलांबीहूनही कमी अंतरात विरतं. तिथे अतिसूक्ष्म छिद्र नेऊन ते टिपायचं, ही कल्पना एडवर्ड सिंज यांनी १९२८ मध्ये मांडली आणि १९८० च्या दशकात ती प्रत्यक्षात आली. याला ‘निकटक्षेत्र सूक्ष्मदर्शन’ म्हणतात. २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या पद्धती वेगळ्या. त्यांत शेजारशेजारचे रेणू एकाच वेळी चमकू दिले जात नाहीत. दोन्हीकडे नियम जागच्या जागी आहे. म्हणून ‘मर्यादेला बगल दिली’ असं लिहावं.