गवती चहाचा वास जातो कुठे?

प्रश्न : कुंडीतला गवती चहा दहा मिनिटं खळखळ उकळला. वास आला नाहीच, वर कडवट लागला. काय चुकलं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वास आला होता हो, पण तुमच्या स्वयंपाकघरात, कपात नाही! पातीचा लिंबासारखा वास सिट्रल नावाच्या द्रव्याचा. उघड्या भांड्यात तो वाफेबरोबर उडून जातो. मी दोन कपांना तीन-चार पाती घेते, कात्रीने बोटभर तुकडे करते. (हाताने ओढू नका, कडा ब्लेडसारख्या असतात; माझ्या अंगठ्याला विचारा.) पाणी उकळलं की पाती टाकून गॅस बंद, वर ताटली, सात मिनिटं. ताटलीला लागलेले थेंबही कपातच झटकते.

आलं घालायचं तर ते मात्र आधी पाण्यात चांगलं उकळा. दूध घालणार असाल तर नक्कीच, कच्च्या आल्याने दूध फाटतं.

पावसाळ्यात पाती उदंड येतात. तेव्हा सावलीत वाळवून बरणीत भरा. उन्हात वाळवली की नुसतं गवत उरतं.

आमच्याकडे हा सर्दीचा काढा. मी तो सर्दी नसतानाच जास्त पिते, रात्री जेवणानंतर, गुळाच्या खड्यासोबत. चहापत्ती नसल्याने झोप उडत नाही.