कोपऱ्यातली ट्रॉली अडते ती मापामुळे

स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांची मापं टाइल्स आणि ओटा बसल्यावरच घ्या. जुन्या नाशकातला वाडा असो की इंदिरानगरचा नवा फ्लॅट, भिंत ओळंब्यात क्वचितच असते. रुंदी खाली, मध्ये, वर अशी तीनदा मोजा. सर्वांत कमी आकडा धरा.

कोपऱ्यात दोन्ही बाजूंना निदान 50 मिमीची फिलर पट्टी (मधली जागा भरणारी उभी पट्टी) हवी, नाहीतर एक ट्रॉली दुसरीच्या हँडलवर आपटते. हँडल जास्त पुढे येत असेल तर पट्टीही वाढवा. कारागीर ‘गरज नाही’ म्हणेल, ऐकू नका.

सिंकखाली 18 मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय, आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का बघूनच. साधा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) ओल लागली की फुगतो. पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कडाही सील करा. पाणी तिथूनच शिरतं. ट्रॉल्यांचे फ्रंट भांडी भरून मगच जुळवा, वजनाने ते थोडे खाली येतात.