कुष्ठरोग: चट्टा दुखत नाही, म्हणूनच दाखवायचा

ओपीडीत आणि पत्रांतून तीच ती शंका पुन्हा पुन्हा येते, म्हणून यावेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

पाठीवर पांढरे डाग आहेत. कुष्ठरोग असेल का?

बहुधा नाही. कोडाचा डाग पांढराशुभ्र असतो आणि शिब्यांवर बारीक कोंडा निघतो. तरी एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

दंडावर फिकट लालसर चट्टा आहे. खाज नाही, दुखत नाही. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब चार महिने लावतोय.

ट्यूब आजच बंद करा. त्या ट्यूबमध्ये बहुतेकदा स्टेरॉइड असतं. त्याने रंग थोडा बदलतो, बरं वाटतं आणि निदान लांबतं. आम्ही तपासताना रुग्णाला डोळे मिटायला सांगतो, कापसाची वात टेकवतो आणि म्हणतो, "लागलं तिथे बोट ठेवा." चांगल्या कातडीवर बोट बरोबर जागेवर येतं, चट्ट्यावर हलतच नाही. स्वयंपाकाची कामं करणाऱ्या एका बाईंना तर तव्याचा चटका फोड आल्यावरच कळला होता. तुमचा चट्टा बधीर आहे की नाही ते घरी ठरवू नका, या आठवड्यातच दाखवा.

रक्त तपासून निदान होतं का?

नेहमीच्या रक्ततपासणीत हा आजार दिसत नाही. बधीर चट्टा, जाड झालेली नस आणि गरज पडल्यास कानाच्या पाळीतून घेतलेला त्वचेचा नमुना यांवरून निदान होतं.

एमडीटी (कुष्ठरोगाच्या एकत्र दिल्या जाणाऱ्या औषधांचा कोर्स) सुरू होऊन दोन महिने झाले. आता चट्टे लाल होऊन सुजलेत, कोपर ठणकतो. गोळ्या बाधल्या का? बंद करू?

बंद करू नका. कृपा करून करू नका. "औषध उष्ण पडलं" असं शेजारीपाजारी सांगतात आणि माणूस गोळ्या सोडून घरी बसतो. हे बहुधा औषध बाधणं नव्हे, याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. जंतू मरत असले तरी शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते आणि त्या मारामारीत नस सुजते. कोपराला धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, तीच ही नस. ती कधी दोरीसारखी जाड हाताला लागते. सूज राहिली तर करंगळी आणि अनामिका बधिर होतात, मग वाकतात. पायाची नस गेली तर पाऊल लोंबतं, पापणीची गेली तर डोळा मिटत नाही. कधी हे दुखल्याशिवायही होतं, म्हणून दर भेटीला आम्ही हाताची ताकद बघतो. वेळेत प्रेडनिसोलोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) सुरू केलं तर गेलेली ताकद पुष्कळदा परत येते. सहा महिने उलटल्यावर ती आशा फार कमी होते. प्रेडनिसोलोनही मनाने घ्यायचं नाही. आधी साखर, रक्तदाब तपासावे लागतात, मात्रा हळूहळू उतरवावी लागते. जंतू मारणं सोपं आहे हो, नस वाचवणं अवघड. उद्याची वाट पाहू नका, जिथून गोळ्या घेता तिथे आजच जा.

लघवी लाल होते.

एमडीटीतल्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे. घाबरू नका.

रंग काळवंडला, लोक विचारतात.

एमडीटीतल्याच क्लोफाझिमिन या औषधामुळे. कोर्स संपल्यावर काही महिन्यांत उतरतो.

पतीला निदान झालंय. मी बाळाला पाजते. त्यांची भांडी, अंथरूण वेगळं ठेवू?

वेगळं काही ठेवू नका, बाळाला पाजत राहा. उपचार सुरू झाले की संसर्गाची भीती लवकरच जाते. पण घरातल्या सगळ्यांची त्वचा तपासून घ्या. तपासणीनंतर आजार टाळण्यासाठी घरच्यांना रिफॅम्पिसिनचा एकच डोसही देतात. तो कुणाला द्यायचा, ते डॉक्टर ठरवतील. आणि कुणी घटस्फोटाची भाषा केली तर सांगा, 2019 च्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहिलेलं नाही.

एकवीस दिवसांत मुळासकट बरं करणाऱ्या तेलाची जाहिरात पाहिली. अठरा हजार रुपये. घेऊ का?

घेऊ नका. एमडीटी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, चट्टे पाचपर्यंत असतील तर साधारण सहा महिने, जास्त असतील किंवा नमुन्यात जंतू दिसले तर बारा. बरं करण्याचं काम ती चार दशकांहून अधिक काळ करत आली आहे. तेल विकणाऱ्याने तुमचा कोपर दाबून पाहिला का, हे एकदा त्याला विचारा, आणि पैसे घरीच ठेवून केंद्रावर जा.